कराची ते मुंबई, दिवेलागणीच्या आत

माझी बी.ए.ची पदवी बापानं नागलीच्या कणगीत ठेवली होती. उंदीर शिरणार नाही अशी घरात ती एकच जागा. पाहुणा आला की बाप कोपरापर्यंत हात नागलीत घालायचा, गुंडाळी बाहेर काढायचा, फुंकर मारून दाखवायचा आणि परत पुरून ठेवायचा. आजही तो कागद नाकाशी धरला तर नागलीचा वास येतो. जामसरच्या आसपासच्या पाड्यांत माझ्याआधी सही करणारा माणूस झाला नव्हता, सगळे अंगठेच. मी जव्हारला शाळा शिकलो, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर मुंबईला कॉलेज केलं आणि पास होऊन आलो. ही बढाई आहे. पण कष्टानं कमावलेली आहे, म्हणून लपवत नाही.

त्या हिवाळ्यात माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एक तर कराचीहून नोकरीचं पत्र आलं होतं. जव्हारच्या बाजारात एक मुसलमान शिंपी होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. शाळेत असताना मी त्यांच्या दुकानाच्या पडवीत झोपायचो. त्यांचा धाकटा भाऊ कराचीत कोट शिवायचा. तिथं मराठी मुलांच्या शाळेला मास्तर हवा आहे असं त्यानं कळवलं, मी अर्ज केला आणि शिमग्यानंतर हजर व्हा असं उत्तर आलं. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच मोडत असे, पण आमच्या लोकांना इलाखा काय आणि विलायत काय, सारखंच.

दुसरं कारण खोडाळ्याकडची एक मुलगी. मोखाड्याच्या आठवडे बाजारात ती सुपं विकायला बसली होती. मी भाव विचारला, तिनं सांगितला, मी जास्त वाटतो म्हणालो. ती म्हणाली, मग हातावर पाखड. मी तीन सुपं घेऊन घरी आलो. आई म्हणाली, एवढं पाखडायला घरात आहे काय? पुढच्या बाजारी आणखी दोन आणली, तेव्हा आईला समजलं आणि तिनं बापाला मागणी घालायला पाठवलं.

मुलीचा बाप वारला होता. घरात तिचा आजा आणि तिची आई, दोघांचं चालायचं. माझा बाप पदवी बरोबर घेऊन गेला. त्यांनी पदवी बघितली, बापाला कोंबडी खाऊ घातली, आणि मग आज्यानं विचारलं की पोरगी नांदणार कुठं. बाप म्हणाला, कराची. कोणत्या डोंगराच्या पलीकडं? बाप खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, डोंगर नाही, समुद्राच्या पलीकडं.

तिथंच बोलणं संपलं. त्या घराचा एक नेम होता. सकाळची भाकर खाऊन आई निघाली, तर दिवेलागणीच्या आत लेकीच्या दारात पोचली पाहिजे. त्याहून लांब लेक द्यायची नाही. बाळंतपण असतं, भांडणं असतात, कधी नुसतीच आठवण येते, आणि आई पोचली नाही तर ती लेक दिली नाही, टाकली, असं त्यांचं म्हणणं. नेम वाईट नव्हता. पण कराचीला आगबोटीनं दोन-अडीच दिवस लागतात.

बाप परत आला आणि कणगीत हात घालून पदवी पुरून बसला. आई म्हणाली, नोकरी जव्हारला बघ. नोकरी जव्हारला नव्हती. मी दोन दिवस जेवलो नाही, तिसऱ्या दिवशी जेवलो आणि चाचांकडं गेलो.

चाचांना भावाचं नवं पत्र आलं होतं. पाकिटावर निळी चिठ्ठी होती. हे विमानानं आलंय, चाचा म्हणाले. कराचीहून मुंबईला टपाल आता हवेतून येतं, सकाळी तिथून निघतं आणि त्याच दिवशी मुंबईत.

त्याच दिवशी. हे दोन शब्द ऐकले आणि मी चाचांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. माझ्याजवळ कॉलेजचा नकाशांचा जाडा ग्रंथ होता. तो कापायच्या पाटावर उघडला, टेपचं टोक कराचीवर धरलं आणि ती मुंबईपर्यंत ताणली. चाचा चष्मा लावून बघत होते. एवढी तर लहान पोराची बाहीसुद्धा होत नाही, म्हणाले. मी खालच्या मोजपट्टीवरून मैल काढले: साडेपाचशेच्या आसपास. विमान तासाला शंभर मैल जातं असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. म्हणजे साडेपाच तास.

साडेपाच तास! आमच्या पाड्यावरून खोडाळ्याला चालत जायला सकाळपासून दिवस कलेपर्यंत वेळ लागतो. म्हणजे मुंबईहून कराची ही जामसरहून खोडाळ्यापेक्षा जवळ. मी हे मोठ्यानं म्हणालो आणि एवढा हसलो की शेजारचा बांगडीवाला काय झालं म्हणून डोकावला. चाचा हसले नाहीत. टेप परत गळ्यात घालत ते म्हणाले, "बेटा, टेप सरळ जाते. जाणारा सरळ जातो का, ते बघ."

मी कुठला बघतोय. मी तसाच खोडाळ्याला निघालो. मोखाडा, खोडाळा तेव्हा इंग्रजांच्या मुलखात, आम्ही संस्थानात. हद्द कुठं ओलांडली ते त्या दिवशी मला कळलं नाही, कारण मी उतारावर पळत होतो आणि चढावर गात होतो.

आजा अंगणात बसून दोरी वळत होता. मुलीची आई तांदूळ कांडत होती. मुलगी घरात होती, पण दाराआड कोणीतरी उभं असल्याचं दिसत होतं. आमच्या बोलीत सगळ्यांना अरे-तुरे. अहो-जाहो मी शाळेत शिकलो, आणि तिथं बोलून बघितलं तर आजा इकडंतिकडं बघू लागला, हा कोणाशी बोलतोय म्हणून. मग मी सरळ आपल्या बोलीवर आलो आणि सगळं सांगितलं. टेप, मैल, शंभरानं भाग. तुमचा नेम मोडत नाही, आजा. मावशी सकाळची भाकर खाऊन निघेल आणि दुपारच्या जेवणाला लेकीच्या घरी असेल.

आज्यानं दोरी वळणं थांबवलं नाही.

"तुझ्या कागदावर चढ दिसतो कां?"

"हवेत चढ नसतो, आजा."

"तू गेलतास हवेत?"

"नाही."

"मंग."

मुलीची आई म्हणाली, आणि मुंबईला जायलाच मला एक दिवस लागतो, तो कुणी मोजायचा? हा प्रश्न मला वाटेतच सुचला होता आणि त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. मी म्हणालो, नेमात सकाळची भाकर म्हटलंय. ती कुठं बसून खायची ते म्हटलेलं नाही. मावशीनं ती मुंबईत खावी.

तिनं मुसळ बाजूला टेकवलं आणि ती खळखळून हसली. दाराआडूनही हसू आलं. आजा मात्र म्हणाला, ऐकून पोरगी देत नाय. दाखव.

सकाळी कराचीहून निघालेलं विमान दिवेलागणीच्या आत मुंबईत उतरताना दाखवायचं ठरलं, आणि अशी आमची वरात निघाली. आजा, मुलीची आई, माझा बाप, मी आणि मुलगी. मुलीला कशाला न्यायचं असं आजा म्हणाला होता. जायचंय मला आणि बघायचं तुम्ही, असं ती म्हणाली आणि सर्वांच्या पुढं चालू लागली. कसाऱ्यापर्यंत पायी, तिथून आगगाडी. आजा जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसला, पण त्यानं ठरवलं होतं की विमान सोडून कशाचं नवल करायचं नाही. बोगद्यात अंधार झाला तरी गप्प. मुंबईची घरं आली तरी गप्प. बाप मात्र प्रत्येक स्टेशनावर पाटी दाखवून माझ्याकडून वाचून घेत होता आणि डब्यातल्या लोकांना सांगत होता, माझा पोरगा, बी.ए.

मुक्कामाला माझ्या कॉलेजातल्या सोबत्याची खोली होती. तिथं पहाटे मुलीच्या आईनं पदराची गाठ सोडून भाकर काढली आणि मला विचारलं, कराचीत इमान निघालं असंल कां? मी चाचांच्या घड्याळात बघितलं, ते मी मागून आणलं होतं. साडेसहा. निघालं असेल, म्हणालो. मग तिनं घास मोडला. नेम म्हणजे नेम. ती कराचीकडं तोंड करून जेवली, दिशा मी दाखवली.

जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची सपाट चिखलवट, वाळून कडक झालेली. एका कडेला झावळ्यांची शेड आणि एक हिंदी बोलणारा चौकीदार. आम्ही दहाच्या आत पोचलो. मी सगळ्यांना सांगितलं, सूर्य डोक्यावर आला की विमान येईल. बारा वाजले. सगळे वर बघत होते. मुलीनं आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. एक घार आली तेव्हा बाप उभा राहिला आणि खाली बसला.

साडेबारा. एक. बाप माझ्याकडं बघेना. मी घड्याळ कानाला लावून बघितलं, ते चालत होतं. आज्यानं चिलीम भरली. ती ओढून संपल्यावर तो म्हणाला, पाणी प्यायला थांबलं असंल. मी म्हणालो, आजा, विमान पाणी पीत नाही. चौकीदारानं ते ऐकलं आणि म्हणाला, पीता है ना, अहमदाबाद में. तिथं उतरतं, तेल भरतं, मग इकडं येतं. वाऱ्याचं तोंड फिरलं तर आणखी उशीर.

मी टेप सरळ ताणली होती. अहमदाबाद माझ्या बाहीत कुठंच आलं नव्हतं. मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, तुझं इमान माझ्या मामासारखं हाय. वाटेतलं एक घर सोडत नाय." मी लाजेनं वाळू उकरू लागलो.

दोन वाजत आले तेव्हा आधी आवाज आला. भुंगा मडक्यात शिरल्यासारखा. मग उत्तरेला एक ठिपका. ठिपक्याला पंख फुटले, पंखांना चाकं फुटली, आणि ते यंत्र आमच्या डोक्यावरून एवढं खालून गेलं की मुलीच्या आईनं पदर दोन्ही हातांनी धरला. चिखलवटीवर ते टणाटण उड्या मारत पळालं, वळलं आणि शेडकडं येऊन थांबलं. मी काय करत होतो ते मला आठवत नाही. बाप सांगायचा की मी त्याला उचलून गरगर फिरवलं. मला एवढंच आठवतं की मी ओरडत होतो, दोनच वाजलेत, आजा, दोनच वाजलेत, दिवेलागणीला अजून चार तास आहेत. उशिरा का होईना, नेमात बसलं होतं. बाप रडत होता. आज्यानं शेवटी तोंड उघडं टाकलं आणि ते पुष्कळ वेळ मिटलं नाही. मुलगी पोट धरून हसत होती, विमानाला की मला, ते मी पुढं कधी विचारलं नाही.

या गडबडीत मुलीची आई एकटीच विमानापाशी गेली होती.

तिनं त्याला एक प्रदक्षिणा घातली. बाजारात बैल घेताना घालतात तशी. पंखाखालून वाकून बघितलं. दार उघडं होतं, चालवणारा खाली उतरून आळस देत होता. तिनं आत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि मला बोलावलं.

"पोरा, मी बसायचं कठं?"

मी आत बघितलं. पुढं चालवणाऱ्याची खुर्ची. मागं टपालाची पोती, एकावर एक, छपरापर्यंत. मी चौकीदाराकडं बघितलं. तो म्हणाला, इसमें डाक आती है, सवारी नहीं.

मी मैल काढले होते, तास काढले होते, भाकर कुठं खायची त्याचा युक्तिवाद केला होता. विमानात माणसाला बसू देतात का, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. पोती शेडमध्ये जात होती आणि प्रत्येक पोत्याबरोबर माझं लग्न जात होतं. बापानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी खरं तेच बोललो. म्हणालो, मावशी, माणूस नेत नाहीत. मी चुकलो. आगबोटीलाच दोन-अडीच दिवस लागतात.

आजा उठला, धोतर झटकलं. यंत्र बरं हाय, मास्तर, म्हणाला, त्याला मी नाव ठेवत नाय. पण पोरगी नाय. आणि तो वाटेला लागला.

मुलगी जागची हलली नाही. तिनं चौकीदाराला विचारलं, पोत्यात काय आहे. तो म्हणाला, कागज. मग ती आईला म्हणाली, तू नाय मावत, पण कागद मावतोय ना. सकाळी मी सांगितलं की सांजच्याला इथं.

"कागद लिवणार कोण?" आई म्हणाली. "हा मास्तर. तुला मारलंन तरी हाच लिवंल, सगळं बरं हाय. आन् तिकडं वाचणार दुसरा मास्तर. दोघां मास्तरांच्या मधी माझी लेक मला कशी दिसायची?"

हे ती मला तोंडावर म्हणाली, आणि मला राग आला नाही, कारण मी ज्यांना मास्तर म्हणून ओळखत होतो त्यांच्यातल्या निम्म्यांबद्दल माझंही तेच मत होतं. मी घाईनं म्हणालो, मी हिला लिहायला शिकवीन. मुलगी म्हणाली, मला येतं.

आम्ही सगळे तिच्याकडं बघू लागलो. तिनं वाळलेली काटकी उचलली आणि मैदानाच्या कडेला, ओल्या वाळूवर बसून ओढू लागली. आमच्याकडं लग्नाच्या घरी बायका भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. माणसं, झाडं, नाचणारे, वाजवणारे, तिरक्या रेघांचे आणि टोकाला टोक लावलेल्या त्रिकोणांचे. आमच्यात त्याला काढणं म्हणत नाहीत, लिहिणंच म्हणतात. ती आणि तिची आई गावोगावी लग्नांना बोलावल्या जायच्या, एवढा त्यांचा हात. तिनं एक बाई लिहिली, शेजारी एक घर, घराला चूल, चुलीवर मडकं. काटकी थांबवून तिनं आईकडं बघितलं.

आईनं विचारलं, "मडक्यातून वाफ नाय आली तर?"

"तर भात नाय."

"आन् बाई पाठमोरी असली तर?"

"तर ये."

आई खाली बसून वाळूतल्या त्या बाईवर वाकली. मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो तर बापानं माझा दंड असा दाबला की चार दिवस वळ होता. मग मुलीची आई उठली आणि तिनं सासऱ्याला हाक मारली. आजा पार रस्त्याला लागला होता. तो परत येऊन वाळूवर वाकला, एकदा चित्राभोवती फिरला आणि सुनेला म्हणाला, तुला वाचता येतंय ना? तिनं मान डोलावली. मग दिली, म्हणाला, आणि लगेच आपल्याला भूक लागली म्हणून मला सांगू लागला.

मी समुद्रात पळत गेलो, धोतरासकट. पोहता येत नव्हतं हे आत गेल्यावर आठवलं.

लग्न माघात झालं, शिमग्यानंतर आम्ही आगबोटीनं कराचीला गेलो. वाटेत मी सगळा वेळ समुद्रात ओकलो आणि ती पोरांची टोळी जमवून दर्याकडं बोट दाखवत बसली. पोचल्यावर आठ दिवसांनी तिनं पहिलं पत्र लिहिलं. मी पोस्टातून पातळ कागद आणला, माझा टाक दिला. तिनं दार लावून घेतलं. माझं काम पाकिटावर पत्ता घालण्याचं. सकाळी मी ते टपालात टाकलं आणि दिवसभर वर्गात पोरांना सांगत होतो, आता अहमदाबादला पाणी पीत असेल, आता वसईवर असेल, आता मुंबईत उतरलं. पोरांना वाटलं भूगोल चाललाय. मुंबईपुढं मात्र त्या पत्राला खोडाळ्याला पोचायला सहा दिवस लागले. मोखाड्याहून पुढं टपालवाला पायी जायचा, आणि वाटेत त्याची बहीण दिली होती.

पत्र बंद करण्याआधी तिनं मला एकदाच दाखवलं होतं. मला त्यातलं घर कळलं, चूल कळली, वाफही दिसली, भरपूर, ढगासारखी. बाई समोर तोंड करून उभी होती. तिच्या शेजारी एक माणूस होता, काडीसारखे पाय आणि त्यांच्यावर घागरीएवढा मोठा गोळा.

मी विचारलं, "हे माझं पोट का?"

"पोट नाय," ती म्हणाली. "तोंड."

उत्तर महिन्यानं आलं. पत्ता खोडाळ्याच्या मास्तरच्या अक्षरात, आत सासूचा हात, कोळशानं लिहिलेलं. तोच काड्यांच्या पायांचा माणूस, तेच घागरीएवढं तोंड, आणि त्या तोंडात पुरा कोंबलेला एक उकडलेला करांदा. करांदा म्हणजे आमच्याकडचा डोंगरातला कंद, एक तोंडात भरला की अर्धा तास बोलता येत नाही. शेजारी एक बाई हात कमरेवर ठेवून उभी.

बायको हसून हसून खाली बसली. मी विचारलं, आणखी काय लिहिलंय. ती म्हणाली, बाकीचं तुझ्यासाठी नाही, आणि कागद घडी घालून चोळीत ठेवून दिला.